काणकोणच्या रिपोर्टवर आणखी एक ओळ छापा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

मी दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या पैंगीणचा. एकतीस वर्षे लॅबमध्ये काढली आणि आता घरी आहे. मी डॉक्टर नाही. रक्त काढायचे, नळीवर चिठ्ठी लावायची, सेंट्रिफ्यूज फिरवायचा, आलेला आकडा कागदावर उतरवायचा, हे माझे काम. तेव्हा या पत्रात मोठे वैद्यकशास्त्र सापडणार नाही. मागणी एका ओळीची आहे, पण ती का करतो ते सांगायला थोडी जागा लागेल.

आमच्या तालुक्यात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तब्येत सांगणारा रक्तातला आकडा, हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. चावडीच्या मासळीबाजारात बांगड्यांचा भाव विचारावा तसे बायका एकमेकींना विचारतात, "कितलें आयलें गो?" घरटी नाही म्हणणार, पण वाड्यावाड्यावर किडनीचे रुग्ण आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना ना मधुमेह, ना रक्तदाब. का होते, याचे पक्के उत्तर अजून कुणाच्या हाती नाही. बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमधल्या संशोधकांनी इथल्या भूजलातली सिलिका आणि शिसे यांच्याकडे बोट दाखवले, त्यालाही बरीच वर्षे झाली. आंध्रातले उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, तिकडे एल साल्वादोर नि निकाराग्वा, सगळीकडे असेच कोडे आहे: शेतात राबणारी माणसे आणि हळूहळू वाळत जाणारी मूत्रपिंडे.

कारण सापडेल तेव्हा सापडेल. माझे म्हणणे रिपोर्टाच्या कागदाबद्दल आहे.

माझी एक आत्या लोलयेला असते. सत्तरीची होती तेव्हा तिचे रक्त तपासले. वजन जेमतेम ४२ किलो, हातापायाच्या काड्या. क्रिएटिनिन १.१ आले. शेजारी नॉर्मलची चौकट छापलेली: ०.६ ते १.२. आकडा ठळक अक्षरांत नव्हता, बाजूला खूण नव्हती. तो कागद तिने मला दाखवला आणि मी, आयुष्यभर हेच आकडे लिहिणारा माणूस, तिला म्हणालो, "बरे आहे आत्ये, नॉर्मल आहे." ती निर्धास्त झाली. गुडघे दुखायचे म्हणून वेदनाशामक गोळ्या घेत होती, त्या घेतच राहिली. या गोळ्या अशक्त मूत्रपिंडाला घातक असतात हे तिला कोण सांगणार? नॉर्मल म्हटल्यावर सांगायचे तरी कशाला? सहा वर्षांनी पाय सुजले तेव्हा क्रिएटिनिन ३.८ होते आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली दिसली. आज आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला नेतो.

क्रिएटिनिन येते स्नायूंतून. ज्याच्या अंगावर मांस जास्त त्याचे ते जास्त तयार होते, वाळक्या म्हातारीचे कमी. मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात. म्हणून २५ वर्षांच्या तगड्या मुलाचे १.१ आणि ७० वर्षांच्या बाईचे १.१ हे दोन वेगळे आकडे आहेत, फक्त दिसायला सारखे. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज क्रिएटिनिनवरून, वय आणि लिंग धरून, काढायचे सूत्र आहे. त्या अंदाजाला ईजीएफआर म्हणतात. २०२१ साली सुधारलेल्या सूत्रात हे दोघे बसवून पाहिले. मुलाचा ईजीएफआर येतो ९६. आत्याचा येतो ५४. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांनी पुन्हा तसाच आला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. म्हणजे ज्या दिवशी मी तिला नॉर्मल म्हणालो, त्या दिवशी तिला तीन महिन्यांनी पुन्हा बोलवायला हवे होते.

मूत्रपिंडाची निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन 'नॉर्मल'च्या चौकटीत बसून राहू शकते, हे लॅबमधल्या प्रत्येकाला शिकवलेले असते. परीक्षेत आम्ही ते लिहितोही. कागदावर मात्र तीच जुनी चौकट छापतो.

तर मागणी अशी. राज्यातल्या प्रत्येक सरकारी लॅबमधून, आणि सरकारी योजनांतून ज्यांना पैसे मिळतात त्या खाजगी लॅबमधूनही, प्रौढ माणसाच्या क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआरची ओळ आपोआप छापली जावी. वय आणि लिंग नोंदणीच्या वेळी आपण लिहूनच घेतो. यंत्र नको, रसायन नको, रक्ताचा जास्तीचा थेंबही नको. संगणकात एक सूत्र घालायचे आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपासून (गोमेकॉ) काणकोणच्या आरोग्य केंद्रापर्यंत एका परिपत्रकाचे काम. डायलिसिसची यंत्रे वाढवा असे सगळेच म्हणतात, मीही म्हणतो, पण त्या खुर्चीत बसणाऱ्याला सहा वर्षे आधी ओळखणे त्या खर्चापुढे फुकट आहे.

हे सूत्र कुठे फसते तेही माहीत आहे. क्रिएटिनिन मोजायची जुनी जाफे पद्धत १८८६ सालच्या रसायनावर उभी आहे. रक्तात साखर फार वाढली किंवा काही प्रतिजैविके चालू असली की तिचा आकडा बिघडतो. एन्झाइमची पद्धत महाग, पण बरी. आदल्या रात्री मटण झाले असेल, भर उन्हात काजूच्या बागेत दिवस गेला असेल, तरीही आकडा वर सरकतो. म्हणून तर तीन महिन्यांनी पुन्हा. आणि ज्यांच्या अंगावर मांसच उरलेले नाही त्यांच्यासाठी सिस्टॅटिन सी ही वेगळी तपासणी आहे, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नाही. ती सगळ्यांना करा असे मी म्हणत नाही. शंका असेल तिथे गोमेकॉत मिळावी.

दुसरी गोष्ट फक्त काणकोणची. शिबिरांत लघवीत पट्टी बुडवून प्रथिने पाहतात. मधुमेहाच्या रुग्णात ती उपयोगी पडते, कारण तिथे गाळणीच फाटते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते. इथल्या आजाराची जात निराळी. अशा आजारात गाळणीपुढच्या बारीक नळ्या आधी झिजतात. अल्ब्युमिन उशिरापर्यंत फारसे दिसत नाही आणि पट्टी पिवळीच राहते. पट्टी पिवळी म्हणून माणूस घरी, अशी ही गंमत. नळ्यांची इजा दाखवणारे पदार्थ वेगळे आहेत: अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, किम-१. त्यातले बीटा-२ आंबट लघवीत टिकत नाही, नमुना केंद्रातून बांबोळीला पोचेपर्यंत बरेच नाहीसे व्हायचे. अल्फा-१ टिकते. तेव्हा खोतिगाव, गावडोंगरी, लोलये, पैंगीण इथल्या वरून धडधाकट माणसांचे नमुने घेऊन अल्फा-१ तपासावे, उरलेले उणे ८० अंशांवर जपून ठेवावे आणि तीच माणसे दरवर्षी पाहावीत. दहा वर्षांनी नवा मार्कर, म्हणजे आजाराची खूण दाखवणारा पदार्थ, निघाला तर मागे जाऊन शोधायला काही तरी असेल.

ऊतीचा पुरावाही वेळेत हवा. आत्यासारखी मूत्रपिंडे आकसल्यावर बायोप्सी, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढणे, यात धोका जास्त, आणि सुई घातलीच तरी व्रणांखेरीज फारसे काही हाती येत नाही. आजाराची सुरुवात कशी दिसते हे ज्याचा ईजीएफआर अजून साठच्या आसपास आहे त्याच्याच ऊतीत कळेल. अर्थात डॉक्टरांना योग्य वाटेल तेव्हा आणि रुग्णाला नीट समजावून, त्याच्या संमतीनेच.

एक तक्रार जाता जाता. चतुर्थीच्या सवलतीत 'फुल बॉडी चेकअप'ची पाकिटे विकली जातात आणि त्यात धडधाकट बायकांचे सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर, मोजतात. ते मासिक पाळीतही वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढण्याच्या आजारात) वाढते. मग कॅन्सरच्या धास्तीने घरदार मडगाव-बांबोळीच्या वाऱ्या करते. जो मार्कर नको तिथे विकला जातो त्याला चकचकीत कागद, आणि जो फुकटात काढता येतो त्याला ओळभर जागा नाही.

आत्याला मी अजून सांगितलेले नाही की तो कागद मी नीट वाचला नव्हता. तिने तो देवघरातल्या डब्यात जपून ठेवला आहे. त्याची नाव काढून टाकलेली प्रत आणि २०२१ चे सूत्र या पत्राला जोडले आहे. आपल्या कार्यालयातल्या कुणालाही गणकयंत्र घेऊन बसवावे: बाई, वय ७०, क्रिएटिनिन १.१.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
पैंगीण, काणकोण