होडीचा रुमाल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दर शनिवारी तीन-तीन तास तुम्ही तिथे नेमकं करता काय?" मी "भरतकाम, दुसरं काय!" एवढंच बोलले आणि तुझ्या तब्येतीचं विचारत बसले. तुला सांगण्यासारखं खूप होतं, पण त्यातली एक गोष्ट फोनवर तोंडातून निघेना. म्हणून लिहायला बसले आहे. आधी शनिवारचं सगळं सांगते, त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

आम्ही चौदाजण आहोत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे आणि त्याच्या एका अंगाला मोठी खिडकी. उजेड डावीकडून येईल असं बसायचं, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. गटात दोघी डावखुऱ्या आहेत, त्या आमच्या समोरच्या बाजूला बसतात.

पहिला पाऊण तास दुरुस्तीचा. कोणीही यावं, फाटलेलं काहीही आणावं. स्वेटरचं कोपर, विजारीचा गुडघा, उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण. आम्ही करून देत नाही, शेजारी बसवून करायला लावतो. लोकरीचं भोक बुजवताना आधी उभे दोरे घालायचे, मग आडवा दोरा एकाखालून एकावरून विणत न्यायचा, आणि प्रत्येक वळणावर जरासा ढिला सोडायचा. तो ढिला सोडला नाही तर धुतल्यावर दोरा आटतो आणि भोवतालची वीण ओढून धरतो. आपण घरी रफू करताना मी हे कधीच केलं नव्हतं, म्हणून तुझ्या शाळेच्या स्वेटरचं कोपर नेहमी चुणलेलं असायचं. गुडघ्याला आतून ठिगळ लावून वरून धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालतो. जपानातल्या साशिकोचं मूळ हेच. गरिबाघरची माणसं कापडावर कापड ठेवून, साध्या धावदोऱ्याने शिवून ते टिकाऊ आणि उबदार करत. बंगालच्या कांथाचंही तेच. जुन्या साड्या-धोतरांचे थर, आणि दोराही कित्येकदा साडीच्या काठातूनच उसवून काढलेला. आज या दोन्ही गोष्टी काचेच्या पेटीत ठेवतात. मला त्या टेबलावर, कुणाच्या तरी फाटक्या गुडघ्यावर जास्त आवडतात.

मग शिकण्याचा तास. महिन्याला एकच टाका. तुला वाटेल, एका टाक्याला महिना कशाला? साखळी टाका मी चाळीस वर्षं घालते आहे, पण गटात आल्यावर पहिल्यांदा कळलं की माझ्या कड्या एका बाजूला कलतात, कारण सुई मी मागच्या कडीच्या आत न टोचता किंचित बाहेर टोचते. असं बारीक काहीतरी दर वेळी निघतं. लडीचा दोरा सहा पदरी असतो. ते सहा पदर एकदम दोन-तीन करून ओढू नयेत, एकेक पदर सुटा काढावा आणि मग हवे तितके परत एकत्र करावेत. असं केलं की दोऱ्याचा पीळ मोकळा होतो आणि टाका कापडावर अंग पसरून बसतो. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्या माणसाला हमखास उलटं वाटतं. काम थांबवलं की कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवायची, नाहीतर तिचा वळ कापडावर राहतो. लाल आणि गडद निळ्या दोऱ्यावर आधी ओलं पांढरं फडकं दाबून बघायचं, रंग सुटतो का ते. आणि पाण्याने जाणाऱ्या पेनाने आखणी केली असेल, तर ती धुऊन निघेपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेने ती शाई कायमची बसते. ही पेनाची गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

कधी कुणी घरातलं जुनं भरतकाम घेऊन येतं आणि ते कसं जपायचं विचारतं. घडी घालायची नाही, कारण घडीवर धागे तुटतात. नळीवर आम्लविरहित कागद गुंडाळून त्यावर कापड गुंडाळायचं आणि अंधारात ठेवायचं. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. भिंतीवर उन्हात लावलेलं काम काही वर्षांनी उलटून बघावं, मागचे रंग बघून जीव हळहळतो.

चहा झाला की सगळ्यांचं मिळून चाललेलं काम बाहेर निघतं. वाचनालयाच्या भिंतीसाठी आम्ही एक पट्टा करतो आहोत. बारा चौकोन, प्रत्येक 40 सेंटिमीटरचा, तागाच्या कापडावर. बाराही चौकोनांतून एकच नदी वाहते. एकाच्या उजव्या कडेने बाहेर पडते आणि पुढच्याच्या डाव्या कडेने आत शिरते. काठावर काय भरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त कडेला नदीचे दोन काठ कुठे यायला हवेत त्या खुणा ठरलेल्या. त्या चुकल्या तर जोडताना नदी तुटेल.

ही कल्पना आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची. इंग्लंडमधल्या क्वेकर टॅपेस्ट्रीबद्दल, म्हणजे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची गोष्ट भरलेल्या कामाबद्दल, त्या बोलल्या तेव्हापासून ती सगळ्यांच्या डोक्यात होती. ते काम 1981 मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाच्या सुचवण्यावरून सुरू झालं. पंधरा वर्षांत 15 देशांतल्या सुमारे 4,000 जणांचे हात त्याला लागले आणि 77 चित्रं झाली. त्यात पुरुष होते, लहान मुलं होती, आयुष्यात सुई न धरलेले कितीतरी लोक होते. त्यासाठी सोपे असे मोजकेच टाके ठरवले होते. अकरा वर्षांचा मुलगा, हे ऐकलं आणि मला तू आठवलास. पण ते पुढे.

गेल्या पावसाळ्याच्या सुमारास गटात एक विशीतला मुलगा आला. शर्टाची बाही दुरुस्त करायला आला होता, तो राहिलाच. त्याला सातवा चौकोन दिला. चौकोन पुरा करून त्याने दिला तेव्हा मी पाहिलं. दांडीच्या टाक्याची नदी कुठे जाड, कुठे बारीक, टाके काही तांदळाएवढे, काही गव्हाहून मोठे. आणि उजव्या कडेला दोन्ही काठ खुणेच्या सेंटिमीटरभर खाली गेलेले. आठवा चौकोन माझा होता.

मी कोणाला न विचारता तो चौकोन घरी आणला. रात्री बारीक टोकाची कात्री घेतली, त्याची पूर्ण नदी उसवली आणि पहाटे तीनपर्यंत बसून पुन्हा भरली. तेव्हा मला वाटत होतं की मी त्याच्यावर उपकार करते आहे. पट्टा भिंतीवर लागेल, लोक बघतील, त्याच्या चौकोनाकडे बोट दाखवतील, त्यापेक्षा हे बरं.

शनिवारी त्याने चौकोन हातात घेतला. सुलट बाजू बघून त्याला काही कळलं नसतं कदाचित, पण त्याने तो उलटा केला. त्याच्या कामात मागे दर वळणावर गाठी होत्या. मी गाठ मारत नाही, दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांखाली फिरवून बसवते. मागची बाजू साफ होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "काकू, माझ्या हाताला घाम येतो. आखलेली रेघ पुसून जायची. मग मी अंदाजाने भरायचो." एवढंच. आवाजात राग नव्हता. सुई सुयांच्या उशीत टोचली आणि दुरुस्तीच्या टेबलावर जाऊन बसला.

रेघ पुसली जात होती, आणि मी त्याला एकदा विचारलं नव्हतं की बाबा, असं का होतंय. खुणेच्या ठिकाणी कच्चा धावदोरा घालून दिला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

तू आता ओळखलं असशील मी कुठे येते आहे ते.

तू नऊ वर्षांचा होतास. शाळेच्या हस्तकलेच्या प्रदर्शनासाठी रुमालावर होडी भरायची होती. तू चार संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून ती भरलीस, मला हात लावू दिला नाहीस. शिडाची एक बाजू आत ओढली गेली होती, खाली लाटांच्या तीन ओळी होत्या आणि तिसरी ओळ वर चढून होडीच्या पोटात शिरली होती. तू झोपल्यावर मी ती उसवली. एका तासात नवीन भरली, त्याच निळ्या दोऱ्याने. सकाळी तू रुमाल बघितलास, माझ्याकडे बघितलंस आणि दप्तरात घातलास. त्या होडीला पहिला नंबर मिळाला. बक्षिसाचं पेन तू घरी आणलंस आणि कोणाला न दाखवता माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलंस. त्यानंतर तू सुई हातात घेतली नाहीस. शर्टाचं बटणसुद्धा माझ्याकडेच घेऊन यायचास.

ते पेन अजून त्या डब्यात आहे. मी इतकी वर्षं समजत होते की तू ते मला प्रेमाने दिलंस. प्रेम नव्हतं असं नाही. पण ते ज्याचं होतं त्याला तू नेऊन दिलंस, हे मला त्या मुलाने चौकोन उलटा केला तेव्हा कळलं. बाळा, माझं चुकलं. तू लहान होतास म्हणून तुला कळणार नाही, असं मी धरून चालले होते.

त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. पुढच्या शनिवारी त्याच्या शेजारी बसून मी माझे टाके उसवले. तागाच्या कापडावर एकाच जागी तिसऱ्यांदा भरायचं म्हणजे कापड थकतं, धागे विरतात. म्हणून मागून पातळ सुती अस्तर लावलं आणि काठांच्या खुणांवर कच्चा दोरा घातला. नदी त्याने भरली, त्याच्याच गाठींसकट. डाव्या कडेला काठ अगदी जुळले. उजव्या कडेला अर्धा सेंटिमीटर खाली राहिले. माझा आठवा चौकोन मला सहज उसवून खाली घेता आला असता. मी विचारलं, तर तो म्हणाला, "राहू द्या."

तेव्हा त्या शिक्षिकाबाईंनी फ्रान्समधल्या बायो गावी जपलेल्या भरतकामाबद्दल सांगितलं. अकराव्या शतकातलं, जवळजवळ 70 मीटर लांबीचं काम. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं त्या 1066 च्या लढाईची गोष्ट लोकरीच्या दोऱ्याने तागावर भरलेली. त्याला टॅपेस्ट्री म्हणतात पण ते विणलेलं नाही, भरलेलं आहे. कापडाचे नऊ तुकडे जोडून ते केलं आहे, आणि पहिला तुकडा दुसऱ्याला जिथे जोडला तिथे वरच्या किनारीच्या रेषा एकमेकींना जुळत नाहीत. पुढचे जोड इतके सफाईदार आहेत की शोधावे लागतात. पहिला मात्र तसाच आहे, साडेनऊशे वर्षं. आपल्या हातून चुकलं हे करणाऱ्यांना दिसलंच असणार. सातवा आणि आठवा चौकोन मी स्वतः जोडला. नदीला तिथे एक लहानशी पायरी पडते. पाणी पायरीवरून उतरतंच.

आता रुमालाचं. तो मी जपून ठेवला होता, बक्षीसपात्र म्हणून. परवा तुझा फोन झाल्यावर काढला. प्रदर्शनानंतर तो कधी धुतलाच नव्हता. दिव्यासमोर धरला तर माझ्या टाक्यांच्या आजूबाजूला बारीक भोकं दिसली. तुला मी तेव्हा जाड सुई दिली होती, लहान हातात धरायला सोपी म्हणून, आणि कापड घट्ट विणीचं. धुतलं असतं तर ती भोकं कधीच मिटली असती. तुझी अख्खी होडी तिथे आहे, बाळा. आत ओढलेलं शीड आहे, वर चढलेली तिसरी लाट आहे. उसवलेला दोरा मात्र मी त्या रात्रीच केरात टाकला होता, तो कुठून आणू!

रुमाल या पाकिटात घातला आहे. माझी होडी मी काढून टाकली आहे. सोबत निळ्या दोऱ्याची लडी आहे, त्यातल्या त्यात जवळची छटा, आणि तितकीच जाड सुई. भरायचंच असं काही नाही. नुसता ठेवलास तरी चालेल, फक्त धुऊ नकोस. भरावंसं वाटलंच तर दोन पदर घे, दोरा कोपरापर्यंतच काप, लांब घेतला की कापडातून जाऊन जाऊन त्याचे तंतू सुटतात. मागे गाठ मारलीस तरी हरकत नाही.

पेनही पाठवते आहे. त्याची शाई वाळून गेली आहे.

तुझी,
आई