शाळा सकाळची, परतणे भर उन्हात

महोदय,

२०२५ साली राज्यातील पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या गेल्या. त्याच महिन्यात आमच्या चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. ऊन वाढले म्हणून शाळा सकाळी ७ ते ११.१५ केल्या, हे खरे. पण ११.१५ ला सुटलेले खेड्यावरचे पोर घरी कधी पोहोचते, हे कुणी विचारले का? माझी मुलगी पाचवीत आहे. तिची एसटी साडेबाराची. थांब्याला शेड नाही, कडुलिंबाचे एकच झाड, त्याखाली तीसेक पोरे दुपट्टे गुंडाळून उभी. खिशात कांदा देऊन आम्ही आमचे समाधान करून घेतो, एवढेच. वर्गावर पत्रे आहेत. वीज गेली की पंखा बंद, आणि नऊ वाजता बाटलीतले पाणी चहासारखे गरम.

उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनमध्ये इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे आमचे ऊन वेगळे आहे, हे शासनाला जूनमध्ये कळते. मग एप्रिलमध्ये का कळू नये? राज्यभर एकच वेळापत्रक ठेवण्याचा हट्ट सोडून विदर्भातल्या परीक्षा मार्चअखेर उरकाव्यात. ते जमेपर्यंत निदान एसटीची वेळ शाळा सुटण्याशी जुळवावी आणि प्रत्येक शाळेत भरलेले रांजण असावेत.

– एक पालक, चंद्रपूर