सोनारकाकांना, पाचच्या सोळा नाण्यांबद्दल

काका, सा. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या वतीनं लिहितेय. उघड पत्र अशासाठी, की घरी छोटा डिजिटल काटा असलेल्या बाकीच्या बायकांनाही पाचच्या नाण्यांनी काटा कसा लावून घ्यायचा ते कळावं.

पापडखार जास्त पडला की पापड तळताना लाल होतो, जिभेला कडवट लागतो. तिथं चमच्याचा अंदाज चालत नाही, म्हणून काटा मागवला. तो पहिल्यापासून वजन कमी दाखवायचा, म्हणजे खार जास्तच पडणार. विकणाऱ्यानं फोन उचलला नाही. तुम्ही मात्र दुकान मुलावर टाकून आलात.

पितळी मापं आणाल असं वाटलेलं, तर तुम्ही आमचा गल्लाच मागितलात! "माझी मापं माझ्यासंगं परत जाणार. नाणी तुमच्यापाशी राहतात की," म्हणालात. मग चटईवर पाचची नाणी निवडत बसलात. जुनं जाड पांढरं ९ ग्रॅमचं, ते वेगळं. २०१९ नंतरचं, धान्याची नक्षी असलेलं ६.७४ ग्रॅमचं, तेही वेगळं. आपल्या कामाचं पिवळं, २३ मिलिमीटरचं, बरोबर ६ ग्रॅमचं. त्यातलीही झिजलेली बाद, मळकी पुसून घ्यायची. टांकसाळीतून निघतानाही एकेका नाण्यात थोडं उणं-अधिक असतं, दहा एकत्र ठेवली की ते आपसांत फिटतं.

पंखा बंद, काटा सपाट कडाप्प्यावर, सेल नवे. पाच नाण्यांना तीसऐवजी २८.५ आलं, दहांना साठऐवजी ५७. तुम्ही हसलात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. चूक वजनाच्या हिशेबानंच वाढतेय, म्हणजे काटा शाबूत आहे, नुसता लावून घ्यायचाय, हे तुम्ही मराठीत सांगितलंत आणि त्याच दमात आमच्या अक्कांना कन्नडमध्ये. आकडे वेडेवाकडे आले असते तर काटा भंगारातच, हेही सांगितलंत.

'कॅल'चं, म्हणजे काटा लावून घ्यायचं, बटण दाबून धरल्यावर काट्यानं १०० ग्रॅम मागितले. सोळा पिवळी नाणी म्हणजे ९६, वर दोनचं नवं नाणं ४.०७ चं. झाले १००.०७. आमचा काटा एक दशांश ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्याला एवढं पुरे. नाण्यांऐवजी औषधाच्या सिरिंजनं पाणी मोजून ठेवायचं मी सुचवलं, ते तुम्ही उडवून लावलंत. सिरिंजच्या रेघांवर तुमचा भरवसा नाही. नंतर पडताळायला बाजूला ठेवलेली नवी पाचची दहा नाणी घातलीत, बरोबर ६७.४ आलं. तीच नाणी ताटलीच्या चारी कोपऱ्यांत सरकवूनही पाहिलीत.

जाताना सांगितलेलंही पाळतोय. खार चिमटीचिमटीनं टाकला तर काटा ते शून्यातच जिरवतो, म्हणून मधेच वाटी उचलून परत ठेवायची. आणि विकायची पाकिटं सरकारी शिक्क्याच्या काट्यावरच.

ती नाणी डबीत ठेवलीत. कितीही कडकी आली तरी मोडायची नाहीत, असा गटात ठरावच झालाय. पंखा मात्र अजून कुणीतरी चालू ठेवतंच.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. उडदाच्या पापडांची चवड पाठवलीय, काकूंना सांगा, मिरी जरा चढी आहे.

आपली,
गटातली हिशेबनीस