शाबितीचं ओझं

२२ मार्च

प्रिय मास्तर,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पोरीला लॉला घालू का, एवढंच विचारलंस, आणि शेवटी समासात बारीक अक्षरात खरडलंस, ‘खरं सांग, उपयोग होतो का रे तुमच्या कोर्टाचा?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देऊन टाकलं असतं. समासातल्या प्रश्नानं अडवून ठेवलं.

परवा २० मार्चला महाडला जाऊन आलो. गर्दी तुला माहीत आहेच, हॉस्टेलवरून आपण गेलो होतो तेव्हापेक्षा दुप्पट असेल. माझ्यापुढं एक आजी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होत्या. एका हातानं नातवाचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात पाण्याची रिकामी बाटली. बाटली बुडवून भरली, झाकण घट्ट लावलं, पदरानं पुसली आणि पिशवीत ठेवली. प्यायल्या नाहीत. मी उगाच विचारलं, आजी, काय करणार? म्हणाल्या, ‘घरी न्यायची.’ झालं. पुढं विचारायची माझी छाती झाली नाही.

येताना गाडीत मी तळ्याच्या खटल्यातला हायकोर्टाचा १९३७ चा निकाल पुन्हा वाचला. झेरॉक्स बॅगेतच होती. आपण लहानपणापासून ऐकतो की बाबासाहेबांनी पाणी प्यायलं आणि तळं खुलं झालं. तसं झालं नाही, हे तू वर्गात शिकवतोसच. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क तेव्हाच मिळाला होता. पण तीन वर्षं तिथं जाऊन ओंजळ भरण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला लोक गेले, प्यायले, आणि परतताना मार खाल्ला. मग तळ्यातून १०८ घागरी काढून पंचगव्यानं पाणी ‘शुद्ध’ झालं. नगरपालिकेनं ऑगस्टमध्ये आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तर तिच्या तोंडावर, १२ तारखेला, सवर्णांनी महाडच्या कोर्टात दिवाणी दावा टाकला. प्रतिवादींत पहिलं नाव बाबासाहेबांचं. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. हजारोंच्या संख्येनं माणसं जमलेली आणि तळ्यावर जायचं नाही असा कोर्टाचा हुकूम. बाबासाहेबांनी तो पाळला. ते कसं केलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्यासारख्यानं शिवी हासडली असती.

हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. पाणी प्यायल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती, तेच, आणि सोबत वाडिया. आता नीट बघ, कारण गंमत इथं आहे. वादींचं म्हणणं असं, की अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचं नाही ही अनादि काळापासूनची रूढी आहे. रूढी सांगणाऱ्यानं ती शाबीत करायची, हा साधा नियम. कोर्ट म्हणालं, नगरपालिकेच्या काळात ते पाणी भरत नव्हते हे खरं, पण अनादि काळापासूनचं काही तुम्ही शाबीत केलेलं नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरं होण्याआधी तिथं कोणी कोणाला अडवलं असेल, हे संशयास्पदच आहे. सवर्णांचं अपील फेटाळलं.

आणि मग एक वाक्य आहे, त्यावर मी पेन्सिलीनं रेघ मारलीय. ही रूढी शाबीत झाली असती, तर ती गैरवाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, याचा कदाचित विचार करावा लागला असता, अशा अर्थाचं. ‘कदाचित’! म्हणजे मास्तर, त्या दिवशी तळं मिळालं ते माणसाला पाण्यापासून तोडणं वाईट म्हणून नव्हे. ते तोडणं पुरेसं जुनं असल्याचा पुरावा नव्हता म्हणून. समोरच्यांना एखादा जुना ताम्रपट सापडला असता तर? मला त्या निकालाचा आदर आहे, त्या काळात तेवढा मिळणंही मोठं होतं. पण ओझं त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर होतं, म्हणून आपण जिंकलो. शाबितीचं ओझं कोणाच्या डोक्यावर, यावर निम्मे खटले ठरतात. पोरीला पहिल्या वर्षाला हे शिकवतील, पण एका तासात उरकतील.

पुढं घटनेनं तो ‘कदाचित’ खोडला. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली, १५ नं विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते नाव घेऊन सांगितले. १९५५ चा कायदा आला, त्याचंच नाव पुढं नागरी हक्क संरक्षण झालं. १९८९ चा ॲट्रॉसिटीचा आला. कायद्याची कमतरता नाही.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची. एका गावातून एक गृहस्थ आले. मुलाची वरात मारुतीच्या देवळावरून नेली म्हणून घरात घुसून मारलं होतं. गुन्हा नोंदला, खटला उभा राहिला, सरकारी वकिलांच्या जोडीला मूळ फिर्यादीतर्फे मी होतो. प्रत्येक तारखेला हा माणूस खांद्यावर पोतं घेऊन यायचा. मला वाटायचं, बाजार करून आला असेल. एकदा बाकावर माझ्याशेजारी बसला तेव्हा त्याच्या विजारीवर पीठ दिसलं. विचारलं तर म्हणाला, ‘गावातला गिरणीवाला दळण घेत नाही, साहेब. तारखेला यायचंच असतं, तर इथंच दळून नेतो.’ ज्वारीचं पीठ, अजून गरम होतं. किराणा उधारी बंद, शेतावर बोलावणं बंद. मारहाणीचे व्रण दोन महिन्यांत गेले होते. दळणाचं चालूच होतं, आणि ते आरोपपत्रात कुठंच नव्हतं.

गिरणीवाल्याचं आणि माझं आडनाव एकच. त्या गृहस्थाला ते ठाऊक होतं. एका शब्दानं बोलला नाही.

आणि मी काय केलं? चौथ्या-पाचव्या तारखेला चहा पिताना त्याला म्हणालो, ‘बघा, मिटत असेल तर मिटवून घ्या. गावात राहायचंय तुम्हाला.’ मला खरंच त्याची काळजी वाटत होती. पण हा गुन्हा कायद्यानं आपसात मिटतच नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. मिटवायचा म्हणजे पिंजऱ्यात उभं राहून ‘मला आठवत नाही’ म्हणायचं. तो म्हणाला नाही. त्याचा चुलतभाऊ म्हणाला, आणि दोघे शेजारी. दोन्ही पंच फितूर. संशयाचा फायदा देऊन सगळे निर्दोष सुटले. न्यायाधीशांना दोष देता येत नाही, त्यांच्यापुढं पुरावाच नव्हता. संध्याकाळी गावात फटाके वाजले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती ‘खोटी केस’ झाली.

म्हणून ॲट्रॉसिटी कायद्यावरचा २०१८ चा निकाल आला तेव्हा मी बाररूममध्ये कोणाशी बोलू शकलो नाही. तारीख आठवते ना? २० मार्च. चवदार तळ्याचाच दिवस. खटलाही महाराष्ट्रातलाच. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं, कायद्याचा गैरवापर होतोय. तेव्हा गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी करा, सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्याची लेखी परवानगी घ्या, इतरांसाठी वरिष्ठ पोलीस अधीक्षकाची. आधाराला काय होतं, तर सुटलेल्या खटल्यांचे आकडे. त्या आकड्यांत माझाही माणूस असणार की! पोतं घेऊन येणारा. फितूर झाला शेजारी, सुटला मारणारा, आणि खोटा ठरला मार खाणारा. १९३७ ला रूढी सांगणाऱ्यानं शाबीत करायचं होतं. २०१८ ला फिर्याद देणाऱ्यानं आधी आपला खरेपणा शाबीत करायचा.

पुढचं तुला माहीत आहे. २ एप्रिलचा बंद, ऑगस्टमध्ये संसदेनं घातलेलं कलम १८-अ, म्हणजे ना आधी चौकशी लागेल, ना अटकेला परवानगी. १ ऑक्टोबर २०१९ ला तीन न्यायमूर्तींनी ते निर्देश मागं घेतले, आणि एक अख्खा समाजच कायद्याचा गैरवापर करतो असं गृहीत धरता येणार नाही, असं बजावलं. १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ सुद्धा टिकलं. पण दीड वर्ष तो निकाल होता ना. आमच्याकडच्या एका ठाण्यात त्याची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवलेली मी पाहिली आहे, आणि निर्देश मागं घेतल्यावरही ती तिथंच होती. सुप्रीम कोर्टानं चूक दुरुस्त केली. काचेखालचा कागद बदलायला कोण जाणार?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात कुठंतरी आहे, मला ते एका ओळीत करता येत नाही. महाडचे सवर्ण कोर्टात का गेले, तर लाठीपेक्षा मनाई हुकूम स्वस्त पडतो म्हणून. आणि बाबासाहेब दहा वर्षं ते भांडत का राहिले, तर त्याच कोर्टातून मिळालेला कागद पुन्हा कोणाला शुद्ध करून घेता येत नाही म्हणून. दोन्ही खरं आहे. पोरीला लॉला घाल. फक्त शहरात कंपन्यांच्या फर्ममध्ये जाण्याआधी दोन वर्षं खालच्या कोर्टात काढ म्हणावं, साक्षीदार कसा फुटतो ते जवळून बघायला. मे महिन्यात आमच्याकडे पाठव. तुझी वहिनी आंब्याच्या पेटीवर नाव घालून बसलीय.

तो गृहस्थ मागच्या महिन्यात एसटी स्टँडवर भेटला. थकलाय. खांद्यावर पोतं होतंच. मी म्हटलं, अजून इथंच दळता? ‘आता घेतो तो गिरणीवाला,’ म्हणाला, ‘मीच जात नाही.’

तुझा,
वकील्या