बाबा, ती रजिस्टरं रद्दीत घालू नका

पुणे, रविवार सकाळ

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यांत ‘घे, आईशी बोल’ म्हणतात, आणि मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही. म्हणून कागद घेतला. आई, तू मोठ्याने वाच. आणि बाबा, मध्येच उठून गॅलरीत जाऊ नका.

गणपतीत आले होते तेव्हाची शेवटची सकाळ मनातून जात नाही. पोहे खाता खाता मी उत्साहाने सांगत सुटले, की एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये गिधाडांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केलाय. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे ती नव्हतीच ते जिल्हे, यांची तुलना करून त्यांनी हिशेब मांडला. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात ५ लाखांहून जास्त माणसं जादा दगावली असावीत. मेलेली जनावरं उघड्यावर सडत राहिली, पाण्यात घाण गेली, कुत्री वाढली, रेबीज वाढला. बाबा, तुम्ही बशी बाजूला सरकवली. म्हणालात, “गिधाडं गेली ती डिक्लोफेनॅकनं. जनावरांना ती सुई मीच देत होतो.” पुढे दिवसभर काही बोलला नाहीत. मी रात्रीच्या बसने इंदूरहून निघाले आणि वाटेत सेंधव्यापर्यंत डोळा लागला नाही.

मला आठवतं, मी तिसरीत असेन. तुम्ही पशुवैद्यकीय खात्यात, तुमच्या राजदूत मोटरसायकलवर मागे बसून देपालपूरकडच्या गावांना यायचे. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा आली की मी डोळे मिटून घ्यायचे, कारण तिथे गिधाडं बसलेली असायची, चाळीस-पन्नास तरी, माना आत ओढून. एकदा तुम्ही गाडी थांबवलीत आणि म्हणालात, डोळे उघड, हे आपल्या खात्यातले लोक आहेत. जिथे माझं काम संपतं तिथे यांचं सुरू होतं. आपण भाषेत त्यांना किती वाईट वागवलं! ‘गिधाडासारखा टपून बसलाय’ म्हणतो. आणि त्याच कुळातल्या जटायूला नमस्कार करतो.

ते दुखणं-सूज उतरवणारं औषध नव्वदच्या दशकात जनावरांसाठी स्वस्तात मिळायला लागलं. पेरणीच्या तोंडावर बैल लंगडायला लागला, व्यालेल्या गाईची कास सुजली, की एक इंजेक्शन. संध्याकाळपर्यंत जनावर उभं. शेतकरी तुमच्या पाया पडायचे ते मी पाहिलंय. औषध माणसांवर, जनावरांवर तपासलेलं होतं, सरकारमान्य होतं. पण जनावर मेल्यावर त्याच्या अंगातल्या औषधाचं काय होतं, हा प्रश्न कोणाच्या यादीतच नव्हता. जनावर मेलं की औषधाचं कामही संपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

ते संपत नव्हतं. सुई दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत जे जनावर मरे, त्याच्या मांसात औषध शिल्लक राही. ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडे आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढे, खडूची भुकटी शिंपडावी तसा. भरतपूरच्या अभयारण्यात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाशांना गिधाडं माना टाकून मरताना दिसत होती, पण कारण सापडत नव्हतं. विषाणू तपासले, कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले. शेवटी पाकिस्तानात काम करणारे अमेरिकन पशुवैद्य लिंडसे ओक्स यांच्या गटाला ते सापडलं. २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत निबंध आला. त्यानंतरचं गणित अजून भयंकर आहे: शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावरात ते औषध असलं, तरी गिधाडं संपायला पुरत होतं. कारण एका जनावरावर अख्खा थवा उतरतो, आणि जोडप्याला वर्षाला अंडं एकच.

बाबा, ‘तुमचा काही दोष नाही’ असं मी लिहिणार नाही. ते तुम्हाला पटणार नाही, आणि तुमच्या दुःखाची अशी दोन शब्दांत बोळवण करणं मला नको वाटतं. पण एक गोष्ट तुम्ही विसरला आहात, ती मला आठवते. ९८-९९ च्या सुमाराला तुम्ही जेवताना सांगायचात, की सांवेरकडे बैल मरून आठवडा झाला तरी तसाच पडलाय, वर कोणी उतरत नाही, नुसती कुत्री. तुम्ही ते रजिस्टरात लिहीतही होता. तुमच्या त्या लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरांत शेवटचा रकाना ‘शेरा’चा होता. वर महिन्याचा गोषवारा जायचा त्यात किती जनावरं तपासली, किती लसी टोचल्या, किती कृत्रिम रेतनं केली, एवढेच आकडे असायचे. शेऱ्याचा रकाना वर जातच नव्हता. तुमच्यासारखे किती जण किती तालुक्यांत तेच लिहीत असतील, आणि ते सगळं कपाटांत पडून राहिलं! ओक्सना जे २००४ मध्ये सापडलं त्याची पहिली खूण तुमच्या अक्षरात आधीच लिहून ठेवलेली होती.

हे सगळं मी आत्ता का काढतेय? कारण आता सुई माझ्या हातात आहे.

आमच्या संशोधन गटाला डासांवरच्या नव्या कामात उतरायचं की नाही हे येत्या काही महिन्यांत ठरवायचंय. तुम्ही दोघांनी डेंग्यू काढलाय, आईचे प्लेटलेट उतरले होते त्या आठवड्यात मी नुसती देव देव करत होते. त्यामुळे हे काम मला मनापासून हवंय. त्यातले दोन रस्ते आहेत. पहिल्यात वोल्बाकिया नावाचा जिवाणू डासात सोडतात. निसर्गात कितीतरी कीटकांच्या अंगात तो मुळातच असतो, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात नसतो. तो आत असला की डेंग्यूच्या विषाणूला वाढायला नीट जागा मिळत नाही, आणि मादीकडून तो पुढच्या पिढीत आपोआप उतरतो. इंडोनेशियात योग्यकार्ता शहराच्या निम्म्या भागांत असे डास सोडून पाहिले. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा त्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी होता. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्रानेही असे डास तयार केलेत.

दुसरा रस्ता जीन ड्राइव्हचा. साधारणपणे आईबापांचा एखादा गुण मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जीन ड्राइव्हमध्ये जनुकाची अशी रचना करतात की तो गुण जवळजवळ प्रत्येक पिल्लात उतरतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१८ साली पिंजऱ्यातल्या मलेरियाच्या डासांवर हे केलं, तर ७ ते ११ पिढ्यांत पिंजरा रिकामा झाला. हे वाचलं तेव्हा मी आनंदाने टेबलावर हात आपटला होता, आणि त्याच रात्री मला देपालपूरची ती जागा आठवली. पिंजऱ्याला भिंती असतात. बाहेर सोडलेला डास परत बोलावता येत नाही. आणि डास खाणारं कोण आहे, त्याला खाणारं कोण आहे, ही साखळी आमच्यातल्या फार थोड्यांना पाठ आहे.

आणखी एक गोष्ट मला हल्लीच कळली, आणि ती आपल्याच देशातली आहे. दिल्लीत १९६९ पासून डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा मोठा प्रकल्प चालू होता, जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यक संशोधन परिषद) यांचा, अमेरिकेच्या पैशातून. १९७५ मध्ये सोनीपतला डास सोडायची तयारी झाली होती. पण वर्तमानपत्रांत आणि संसदेत बोभाटा झाला, की हे जैविक युद्धाचे प्रयोग आहेत, आणि सगळं गुंडाळावं लागलं. विज्ञान खोटं नव्हतं. ज्यांच्या दारात डास सोडायचे त्या लोकांना विश्वासात घेणं कमी पडलं, एवढं मला त्यातून दिसतं. योग्यकार्तात वेगळं झालं. डासांच्या अंड्यांचे डबे लोकांच्या अंगणात ठेवायचे होते, तर घरोघर जाऊन आधी विचारलं. मला आपल्या गल्लीतला कचरा आठवला. २०१७ मध्ये इंदूर पहिल्यांदा देशात सर्वांत स्वच्छ ठरलं ते काही यंत्रांनी नाही. आई, गाडीचं गाणं वाजलं की तू दोन डबे घेऊन खाली उतरतेस, आणि शेजारच्या काकूंनी ओलं-सुकं एकत्र केलं तर त्यांना दटावतेस, म्हणून ठरलं. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस करणारा प्रकल्प २०२२ मध्ये उभा राहिला, तोही तुझ्या डब्यातल्या सालींवरच चालतो.

आई, तुझा प्रश्न मी टाळला होता: ‘हे कॉम्प्युटरच सगळं करणार असतील तर तुझं काम राहील का?’ माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई आहेत. वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली डास ओळखतायत. पंख बघून जात सांगतात, मिशा बघून नर की मादी. आता कॅमेरा आणि एआय ते काम क्षणात करतं. प्रथिनांचा आकार शोधायला पूर्वी एकेका संशोधकाची वर्षं जायची, ते आता संगणक भाकीत करतो, आणि त्या कामाला २०२४ चं नोबेल मिळालं. हे चांगलंच झालं. पण ताईंना परवा कॅमेऱ्याने दिलेल्या शंभर उत्तरांत तीन पटली नाहीत. त्यांनी स्वतः बघितलं. तीनही वेळा त्यांचं बरोबर होतं.

तेव्हा मला तू टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डावर परगावचे कॉल जोडताना दिसलीस, कानाला हेडफोन, हातात दोर. कॉलचे दर तीन: ऑर्डिनरी, अर्जंटला दुप्पट, लाइटनिंगला आठपट. थेट नंबर फिरवायचं एसटीडी आलं आणि तुमची अख्खी खोली रिकामी झाली. तुला बिलाच्या टेबलावर बसवलं. लोकांना लगेच फोन लागायला लागला, कोणाला वाईट वाटणार? पण तू सांगितलं होतंस, की रडणारा आवाज आला तर तू सुपरवायझरला विचारून त्याचा कॉल पुढे घ्यायचीस. ते काम नव्या यंत्रात कोणाकडे द्यायचं, हे कोणी विचारलंही नाही. ताईंना बिलाच्या टेबलावर जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलंय. कॅमेऱ्याला न पटणारं जे आहे ते बघायला त्या हव्यात, आणि त्यांचा शेरा वर जायला हवा. यावरून मागच्या बैठकीत माझं जरा वाजलं.

गिधाडांसाठीही पुढे वाट निघाली. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठीच्या डिक्लोफेनॅकवर बंदी आली. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम सापडलं. तेही औषधच, तेही प्रयोगशाळेतूनच आलेलं. हरियाणात पिंजोरला आणि आपल्या भोपाळजवळ केरव्याला गिधाडांची पिल्लं वाढवतायत. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर ९९ टक्क्यांहून जास्त गेली, ते सगळं परत येणार नाही, पिल्लाला मोठं व्हायलाच पाच वर्षं लागतात. पण पुढच्या खेपेला आपण तिघं केरव्याकडे जाऊन येऊ, बाबा. तुम्ही ‘नको’ म्हणालात तरी मी नेणार.

आता मुद्द्याचं. दिवाळीची साफसफाई सुरू झाली असेल. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमची रजिस्टरं आहेत, ९४ पासूनची. आईने यंदा ती रद्दीत द्यायची म्हटलं होतं. आई, देऊ नकोस. उधई लागली असेल तर ऊन दाखव आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेव. मी धनत्रयोदशीला पोचते. आपण दोघं बसू बाबा, तुम्ही वाचा, मी उतरवून घेते: तारीख, गाव, जनावर, औषध आणि शेरा. सांवेर आणि देपालपूर दोन्ही. आमच्या गटाची बैठक दिवाळीनंतर आहे. डास सोडण्याआधी गावातल्या कोणाच्या वहीत काय लिहिलं जाणार आणि ते कोण वाचणार, याचा एक कागद मला तिथे मांडायचाय. तो तुमच्या रकान्यांवरूनच बनवणार आहे.

गुडघ्याचं तेल कुरियरने पाठवलंय. आई, गराडू आले असले तर घेऊन ठेव, मी आल्यावर तळू.

तुमची,
मनू