खिशातल्या टॉर्चविषयी आई-बाबांना पत्र

बंगळूर

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

येत्या दोन-चार दिवसांत घरी एक लहान खोके येईल. त्यात एकसारख्या दोन टॉर्च आहेत, एक बाबांसाठी आणि एक आईसाठी. पैसे भरून झाले आहेत, त्यामुळे "घरात तीन टॉर्च असताना ही थेरं कशाला" या प्रश्नाला आता उशीर झाला आहे. तरीही कारण पटल्याशिवाय बाबा कोणतीही वस्तू वापरायला काढत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे सगळे सविस्तर लिहिते आहे. यंदा महालक्ष्म्यांना मला येता येणार नाही, त्याची भरपाई म्हणून हे पाठवते आहे असे मात्र कृपा करून समजू नका.

घरातल्या तिन्ही टॉर्च चांगल्या आहेत, पण त्या घरात आहेत. एक देवघराच्या खणात, एक आईच्या कपाटात साड्यांखाली आणि आबांची ती एव्हरेडीची लांब टॉर्च माळ्यावर. वीज गेली की त्यांच्यापर्यंत अंधारातच चाचपडत जावे लागते. मागे वीज गेली तेव्हा बाबा मोबाइल हनुवटीखाली धरून फ्यूज तपासत होते, ही बातमी मला तुम्हा दोघांकडून नव्हे, दादाकडून कळली. मोबाइलचा दिवा गोळीचे नाव वाचायला पुरतो. त्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि काही पावलांवर फिका पडतो. शिवाय अडीअडचणीला ज्या यंत्रावरून मला फोन करायचा, त्याचीच बॅटरी दिव्यासाठी संपवणे बरे नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आपल्या गल्लीत शिरले, तेव्हा इन्व्हर्टर पाण्याखाली होता आणि तुम्ही दोघे जिन्यात बसून होता. त्या पहाटेविषयी आपण एरवी बोलत नाही, म्हणून मीही पुढे लिहीत नाही.

तेव्हा टॉर्च हवी ती अंगावर बाळगता येणारी, आणि फार महाग नसलेली, कारण महाग वस्तू तुम्ही जपून ठेवता आणि जपून ठेवलेली टॉर्च पुन्हा कपाटातच जाते. एकीची किंमत दोन हजारांच्या आत आहे. याहून स्वस्तातही मिळाली असती, हे मी आधीच मान्य करते. बर्डीच्या बाजारात आणि ऑनलाइन दुकानांतही तीन-चारशे रुपयांना 'एक लाख लुमेन' असे छापलेल्या टॉर्च मिळतात. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप. चांगला एलईडीसुद्धा टॉर्चमध्ये एका वॅटला साधारण शंभर-सव्वाशे लुमेन देतो, म्हणजे एक लाख लुमेनसाठी आठशे ते हजार वॅट लागतील. आई, तुझ्या मिक्सरलासुद्धा एवढी वीज लागत नाही आणि ही म्हणे बोटाएवढ्या बॅटरीवर चालणार! तसल्या टॉर्चमधल्या बॅटरीवर '९९०० एमएएच' लिहिलेले असते (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप), तेही खोटे. त्या आकाराच्या उत्तम बॅटरीतही साधारण ३५०० च्या आसपासच क्षमता असते. छापलेला आकडाच जिथे खोटा, तिथे आतले बटण आणि वायर खरी असेल यावर बाबा, तुम्हीच विश्वास ठेवला नसता.

प्रामाणिक कंपन्या एएनएसआय एफएल-१ नावाच्या पद्धतीने आकडे देतात. ही पद्धत २००९ मध्ये अमेरिकेत ठरली. त्यात उजेडाचा पल्ला मोजतात तो पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उजेड जिथवर पोहोचतो तिथवर. आणि टॉर्च किती वेळ चालते ते मोजतात मूळ उजेड एक दशांशावर येईपर्यंत. खोक्यावर दोनशे मीटर असेल तर ओळखीचा माणूस ओळखू येईल असा उजेड त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावरच मिळतो, हे लक्षात ठेवून मी पल्ल्याच्या मागे लागलेच नाही. तुम्हाला तलावापलीकडचे झाड बघायचे नाही. सिमेंटचा रस्ता उंच झाल्यापासून फाटकाशी जी वेडीवाकडी पायरी पडली आहे ती दिसायला हवी, आणि पावसाळ्यात तुळशीजवळ वेटोळे करून बसलेली मण्यार पाय पडण्याआधी दिसायला हवी. त्यासाठी मध्ये घट्ट झोत आणि भोवती मऊ पसारा असा उजेड लागतो, आणि तो दीडशे-दोनशे लुमेन असला तरी भरपूर होतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर एवढा उजेड सहा-सात तास मिळेल. ही टॉर्च हजार लुमेनपर्यंत जाते, पण ते काही क्षणांसाठीच. नंतर अंग तापते म्हणून ती आपोआप उजेड कमी करते. तो बिघाड नाही, बाबा. लगेच दुकानात घेऊन जाऊ नका.

या प्रकारच्या टॉर्चना 'टॅक्टिकल' म्हणतात. पोलीस आणि सैनिकांसाठी केलेल्या सोयी त्यांत असतात, आणि त्यातली एकच आपल्या खऱ्या उपयोगाची आहे, ती म्हणजे मागच्या टोकाला असलेले बटण. टॉर्च मुठीत धरली की अंगठा आपोआप त्यावर येतो, अंधारात शोधावे लागत नाही. अर्धे दाबले की दाबून ठेवेपर्यंत उजेड मिळतो. पूर्ण दाबून 'टक्' असा आवाज आला की पेटलेली राहते. उजेड कमीजास्त करण्याचे बटण बाजूला आहे. काही टॉर्चच्या तोंडाशी दातेरी कडा असते, ती नको म्हणून तसले नमुने मी सोडून दिले, कारण त्या कडेने आधी बाबांचा खिसा फाटला असता आणि मग विमानतळावर चौकशी झाली असती. डोळे दिपवणारी उघडझापही यात आहे, पण ती बाजूचे बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय लागत नाही. कुत्री मागे लागली तरी ती वापरू नका; काठी आणि शांत चाल हेच खरे.

सर्वांत जास्त विचार बाबांच्या पेसमेकरचा केला. या आकाराच्या पुष्कळ टॉर्चच्या बुडाशी चुंबक असते. वुर्कोसची एफसी११ ही त्यातली नावाजलेली आणि खिशाला परवडणारी. गाडीच्या पत्र्याला चिकटवून दोन्ही हातांनी काम करता येते. पण पेसमेकरपासून चुंबक निदान सहा इंच लांब ठेवायचे असते, आणि बाबांचा हात सवयीने सदऱ्याच्या वरच्या खिशाकडेच जातो. कॉन्व्हॉयची एस२+ ही दुसरी, साधी आणि चिवट, पण तिची बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये लावायची. आईच्या अंगठ्याच्या सांध्याला ते दर वेळचे पिळणे झेपणार नाही. म्हणून चुंबक नसलेली आणि मोबाइलसारखी वायर लावून चार्ज होणारी निवडली. तरीसुद्धा बाबा, टॉर्च वरच्या खिशात नाही, पँटच्या उजव्या खिशात क्लिप अडकवून ठेवायची. ती सुमारे बारा सेंटिमीटर लांब आहे आणि बॅटरीसकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या घरात आहे, त्यामुळे पँट खाली ओढली जाणार नाही.

पेन्सिल सेलची का नाही घेतली, हा प्रश्न बाबा विचारतीलच, आणि तो रास्त आहे, कारण ते सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. पण न वापरता पडून राहिलेले सेल गळतात. आबांच्या टॉर्चच्या स्प्रिंगवर जे पांढरे पीठ साचले आहे ते त्याचेच. तुमच्या टॉर्चमध्ये १८६५० या मापाची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. पुढे कधी बदलायची झाली तर मला विचारल्याशिवाय बाहेरून आणू नका.

उजेडाचा रंग मी मुद्दाम निळसर पांढरा न घेता दुपारच्या उन्हासारखा घेतला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना झगझगीत दिव्याचा त्रास होतो म्हणून, आणि रंग खरे दिसावेत म्हणूनही. रात्रीची गुलाबी गोळी आणि तिच्याच मापाची पांढरी गोळी यांत घोळ होता कामा नये. रात्री उठाल तेव्हा सर्वांत मंद उजेड वापरा. तो चार-पाच लुमेनचाच आहे. डोळे दिपत नाहीत, झोप उडत नाही, आणि आई, बाबांची झोपही मोडत नाही.

भारनियमनाच्या काळात गच्चीवर तुम्ही टॉर्च माझ्या तळव्याखाली धरायचा आणि बोटे आतून लाल व्हायची, आठवते ना, बाबा? मी "रक्त पेटलं" म्हणून ओरडायची आणि आई खालून रागवायची की सेल फुकट संपतात. आता कितीही जाळा, कोणी रागवणार नाही. बंटीला एकदा करून दाखवा, फक्त मंद उजेडावर. आणि टॉर्च त्याच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता जे सांगते ते निमूटपणे ऐका. खोके आल्यावर आधी मागचे झाकण फिरवून उघडायचे आणि बॅटरीच्या टोकाला लावलेली प्लास्टिकची चकती काढून टाकायची. ती असेपर्यंत टॉर्च पेटणारच नाही, आणि मग "बिघडलेली पाठवली" असा फोन मला येईल. चार्जिंगला खोक्यातली वायरच वापरायची. दादाच्या नव्या फोनची दोन्ही टोके सारखी असलेली वायर लावली तर अशा टॉर्च बऱ्याचदा चार्ज होत नाहीत. दर रविवारी रात्रीच्या जेवणानंतर चार्जिंगला लावायची आणि झोपण्याआधी काढायची. रात्रभर तशीच ठेवायची नाही. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे आणि नागपुरात मे महिन्यात तेवढा पारा सावलीतच चढतो, म्हणून उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत चार्ज करा आणि बंद गाडीत टॉर्च मुळीच विसरू नका. चार्जिंगच्या भोकावरचे रबराचे झाकण नीट दाबून बसवले तरच तिला पावसाचे भय नाही. माझ्याकडे विमानाने येताना ती हातातल्या पिशवीत ठेवा आणि झाकण पाव फेरा सैल करा, म्हणजे आपोआप पेटणार नाही.

बाबांनी अंबाझरीला फिरायला पहाटे साडेपाचऐवजी सहाला निघावे असे मला वाटते. पण ते तुम्ही ऐकणार नाही, म्हणून निदान फाटकापासून कोपऱ्यापर्यंत उजेड पायाशी धरा, समोर नको; समोरून येणाऱ्याला दिसत नाही आणि तुम्हालाही खड्डा दिसत नाही. आई, तुझ्या टॉर्चला मी वेगळी लाल दोरी पाठवली आहे. ती मनगटात अडकवूनच रात्री अंगणात जायचे, आणि दळणाच्या पिशवीच्या खुंटीला ती टांगून ठेवायची नाही.

तुमची,
मनू