डॉक्टरताई, त्या रात्रीचं बिल अजून आलेलं नाही

डॉक्टरताई,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

त्या पावसाळ्यात आठवड्याभरात आमच्या तीन मेंढ्या गेल्या. चौथीच्या जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबत होती. जंताचं औषध अख्ख्या कळपाला पाजायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. तुम्ही बाटली माझ्या हातातून काढून घेतलीत, मेंढीचं डोकं गुडघ्यांत धरलंत आणि अंगठ्याने खालची पापणी उलटलीत. आत कागदासारखं पांढरं. मग शेजारची धरलीत, तिची पापणी लालचुटूक. "हिला औषध कशाला?" म्हणालात.

रक्त पिणारे बहुतेक जंत कळपातल्या थोड्याच मेंढ्यांत असतात. सरसकट औषध दिलं की त्याला न जुमानणारे जंत तेवढे उरतात आणि पुढे तेच कळपभर पसरतात, हे मला त्या रात्री कंदिलाच्या उजेडात समजलं. आता पावसाळ्यात दर पंधरवड्याला धार काढताना पापण्या बघतो. फिकट दिसली तरच औषध, आणि मग ठरलेले दिवस तिचं दूध बाजूला. जंताच्या अळ्या गवताच्या बुडाशी, खालच्या ५ सेंटीमीटरमध्ये जास्त, म्हणून गवत तेवढं खाली जायच्या आत कुंपण पुढे सरकवतो.

गाईंचं खनिज मिश्रण मी हौसेने आणलं होतं. ते पोतं तुम्ही उघडू दिलं नाहीत. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साचत जातं आणि एक दिवस ती अचानक कोसळते. (त्या पोत्यावर सध्या मांजर झोपतं.)

सगळ्यात मोठा आधार मात्र तुम्ही जाता जाता दिलात. महिनाभर कोकरं आईपाशी ठेवायची, रात्री वेगळी करायची आणि फक्त सकाळी धार काढायची, म्हणजे हाती दूध ते किती! रोज चीज करावं एवढं कुठलं जमायला. तुम्ही चप्पल घालता घालता म्हणालात, "मेंढीचं दूध गोठवून ठेवता येतं की." तेव्हापासून थोडं थोडं साठवतो आणि पुरेसं जमलं की एकदम कढई चढवतो. ५-६ लिटरला किलोभर चीज उतरतं.

ती पांढऱ्या पापणीची मेंढी वाचली. यंदा तिला जुळी झाली, दोन्ही माद्या. चीक पहिल्या तासातच पाजला.

बिल पाठवा.